आई-वडिलांच्या घरात राहून एसएसआयची पूर्ण रक्कम कशी मिळवायची

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत दिव्यांग मुलाचा एसएसआयचा (गरजू दिव्यांगांना दर महिन्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा) अर्ज पहिल्यांदा नाकारला जातो, कारण मूल अठराच्या आत असतं आणि आई-वडिलांचा पगार त्याच्याही नावावर धरला जातो. अठरावा वाढदिवस झाला की पुढच्या महिन्यापासून हे धरणं थांबतं. मग आई-वडील कितीही कमावत असोत, मुलाची पात्रता त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर ठरते. इथवरची माहिती बहुतेकांना असते. मंजुरीचं पत्र येतं आणि त्यात ९९४ डॉलरच्या जागी ६६२.६७ डॉलर लिहिलेले असतात, तेव्हा मात्र घर गोंधळतं. अपंगत्व मान्य झालं, कागद पूर्ण होते, मग एक-तृतीयांश रक्कम गेली कुठे? ती मूल कुठे आणि कसं राहतं यावर गेली. नियम नीट समजून घेतला तर बहुतेक घरांना ती सरळ मार्गाने परत मिळवता येते.

आधी दोन योजना वेगळ्या करू. एसएसडीआय ही कामाच्या वर्षांवर आधारलेली अपंगत्वाची योजना आहे. तुम्ही भाड्याने राहता, भावाकडे राहता की फुकट राहता, याने तिची रक्कम बदलत नाही. आई किंवा वडील निवृत्त झाल्यावर, अपंग झाल्यावर किंवा वारल्यावर, बावीस वर्षांच्या आत अपंगत्व आलेल्या मुलाला त्यांच्या खात्यावर जो लाभ मिळतो, तोही असाच. एसएसआय मात्र गरजेवर चालते. २०२६ साली तिची पूर्ण केंद्रीय रक्कम एकट्या व्यक्तीला महिन्याला ९९४ डॉलर आणि जोडप्याला १,४९१ डॉलर आहे. पुढे जे आहे ते एसएसआयपुरतं. मुलाच्या नावावरची मालमत्ता २,००० डॉलरच्या वर जाऊन चालत नाही, आणि आजोबांनी भारतात नातवाच्या नावाने केलेली मुदत ठेवही त्यात मोजली जाते. अर्जाआधी ती आठवून पाहा.

कपात होते ती अशी. कोणी तुम्हाला फुकट निवारा दिला तर सोशल सिक्युरिटी (एसएसआय देणारी सरकारी यंत्रणा) त्याला वस्तुरूपाने मिळालेलं उत्पन्न मानते. आधी यात जेवणही धरलं जायचं. ३० सप्टेंबर २०२४ पासून अन्नाची किंमत धरणं बंद झालं. आता आईच्या हातचं जेवण, मावशीने भरून दिलेलं किराणा सामान, यांची किंमत म्हणून पैसे कापले जात नाहीत; जेवण कोण देतं यावरून फक्त खालच्यापैकी कोणता नियम लागतो ते ठरतं. निवारा मात्र अजून मोजतात, आणि निवारा म्हणजे नेमक्या या गोष्टी: घरभाडं किंवा मॉर्गेजचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, कर्ज देणाऱ्याने सक्तीचा केलेला घराचा विमा, हीटिंगचं इंधन, गॅस, वीज, पाणी, सांडपाणी आणि कचरा. फोन, इंटरनेट, केबल यात नाही. मुलाचं फोनचं बिल तुम्ही थेट भरलंत तर काही बिघडत नाही. तेच पैसे त्याच्या हातात रोख दिलेत तर ते रोख उत्पन्न धरलं जातं आणि पहिले २० डॉलर सोडून बाकी डॉलरला डॉलर कापलं जातं. म्हणून मदत करायची तर बिल भरा, रोख देऊ नका.

कपातीचे दोन नियम आहेत आणि सगळा घोळ या दोघांतल्या फरकात आहे.

पहिला सरसकट एक-तृतीयांश कपातीचा. मूल पूर्ण महिना दुसऱ्याच्या घरात राहतं, निवाऱ्याचा आपला पूर्ण वाटा देत नाही, आणि घरातले लोक त्याला सगळं जेवण देतात किंवा त्याचा खर्च करतात, अशा वेळी हा लागतो. २०२६ मध्ये ही कपात ३३१.३३ डॉलरची आहे. इथे ‘आम्ही तर एवढंसंच देतो’ हे सिद्ध करायची सोय नाही. नियम लागला की अख्खी रक्कम जाते.

दुसऱ्यात मदतीची कमाल किंमत गृहीत धरतात: पूर्ण रकमेचा एक-तृतीयांश अधिक २० डॉलर, म्हणजे यंदा ३५१.३३. पहिला नियम बसत नाही पण निवाऱ्याची मदत मिळते, तेव्हा हा लागतो. मूल स्वतःच्या भाड्याच्या घरात राहतं आणि भाड्यातला काही भाग तुम्ही घरमालकाला देता, किंवा तुमच्याच घरात राहतं पण आपल्या किराण्याचा काही भाग स्वतः विकत घेतं, ही त्याची उदाहरणं. इथे खरी मदत कमी आहे हे कागदावर दाखवता येतं, आणि दाखवलं की कपात तेवढीच होते.

हे आकड्यांत पाहू, कारण आकड्यांशिवाय ते डोक्यात बसत नाही. घरात चौघे आहेत: आई, वडील, धाकटी बहीण आणि एसएसआय घेणारा मुलगा. मॉर्गेज, टॅक्स आणि विमा मिळून २,४००, वीज १४०, गॅस ६०, पाणी व सांडपाणी ७०, कचरा ३०. एकूण २,७०० डॉलर. भागिले चार, प्रत्येकी ६७५. वय कितीही असो, घरातलं प्रत्येक माणूस या भागाकारात मोजलं जातं. आजी कायमची राहायला आली असेल तर पाच.

मुलाने त्या महिन्यात आपल्या पैशातून ६७५ दिले तर कपात शून्य, रक्कम ९९४. काहीच दिलं नाही तर ६६२.६७. आता समजा तो ५०० देतो. घरचेच सगळं जेवण देत असतील तर पहिला नियम लागतो आणि हातात पुन्हा ६६२.६७ येतात. ५०० दिल्याचा काडीचाही उपयोग होत नाही. पण तो आपल्या खाण्यातलं काही स्वतःच्या पैशाने घेत असेल, तर दुसरा नियम लागतो. मदत धरली जाते १७५ डॉलरची, त्यातून सर्वसाधारण सवलतीचे २० वजा (दुसऱ्या कुठल्या उत्पन्नात ते आधीच वापरले गेले नसतील तर), उरले १५५. रक्कम ८३९. किराण्याच्या पावत्यांनी महिन्याला १७६ डॉलरचा फरक पडतो. म्हणून पूर्ण वाटा देणं झेपत नसेल तर मुलाच्या कार्डावर निदान त्याचं दूध, फळं, नाश्त्याचं सामान घ्या आणि पावत्या ठेवा.

ज्यांच्या घराचं कर्ज फिटलं आहे त्यांनी हा हिशेब जरूर मांडावा. अशा घरात वाटा ‘बाजारभावाच्या भाड्या’वर ठरत नाही, प्रत्यक्ष खर्चावर ठरतो. टॅक्स आणि बिलं मिळून महिन्याला ९०० होत असतील आणि माणसं चार, तर वाटा फक्त २२५. तेवढे देऊन पूर्ण ९९४ मिळतात, आणि तरी कित्येक घरं वर्षानुवर्षं कापलेली रक्कम घेत राहतात. कारण मुलाकडून पैसे घ्यायचे ही कल्पनाच नको वाटते. ती भावना समजण्यासारखी आहे. पण ते पैसे मुलाच्या निवाऱ्यासाठीच दिलेले आहेत आणि नियमाने तिथेच जायला हवेत.

आता कृती. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि सरासरी घ्या, कारण हिवाळ्यातला गॅस आणि उन्हाळ्यातली वीज यांत बरंच अंतर असतं. एका पानावर खर्चाची यादी, एकूण, माणसांची संख्या आणि वाटा लिहा. मुलासाठी वेगळं बँक खातं असू द्या. तुम्ही त्याचे प्रतिनिधी म्हणून रक्कम घेत असाल तर ते खातं तसंच नोंदलेलं हवं, आणि तुमच्या घरखर्चाच्या खात्यात त्याचे पैसे मिसळू नका. दर महिन्याच्या सुरुवातीला त्या खात्यातून तुमच्या खात्यात वाट्याची रक्कम पाठवा आणि शेऱ्यात महिना व ‘घरखर्चाचा वाटा’ लिहा. मग सोशल सिक्युरिटीच्या स्थानिक कार्यालयाला कळवा की व्यवस्था बदलली आहे. तिथे राहण्याच्या व्यवस्थेसाठी एसएसए-८००६ आणि घरखर्च व वाट्यासाठी एसएसए-८०११ हे फॉर्म चालतात. दुसऱ्या फॉर्मवर घरच्या माणसाने खर्चाची माहिती द्यायची असते. तिथले आकडे आणि तुमच्या पानावरचे आकडे जुळायलाच हवेत. वडिलांनी फोनवर अंदाजाने ‘तीनेक हजार’ सांगितले आणि फॉर्मवर २,७०० लिहिले, की वाटा अपुरा ठरतो आणि कपात लागते.

अर्ज प्रलंबित असताना अडचण वेगळीच असते. मुलाकडे पैसेच नसतात, मग वाटा कुठून देणार? यासाठी कर्जाची वाट आहे. सोशल सिक्युरिटीच्या एसएसआर ९२-८पी या निर्णयानुसार खरोखर कर्जाऊ मिळालेला निवारा उत्पन्न धरला जात नाही. मदत सुरू होतानाच करार लिहा: दर महिन्याचा वाटा किती, तो कर्ज म्हणून दिला जात आहे, आणि एसएसआय सुरू झाल्यावर कशी परतफेड होईल. दोघांच्या सह्या आणि तारीख. मंजुरी आल्यावर मागची तारीख घालून केलेला कागद म्हणजे खोटा पुरावा, तो करूच नका. आणि पैसे आले की परतफेड खरोखर करा, बँकेतून. थकबाकी मोठी असेल तर ती हप्त्यांनी मिळते, पण निवाऱ्याचं देणं दाखवलं तर हप्ता वाढवून मागता येतो.

वाटा भरायला दर महिन्याचे पैसे कमी पडत असतील तर एबल खातं (दिव्यांग व्यक्तीच्या नावाचं खास बचत खातं) उघडा. १ जानेवारी २०२६ पासून, सेहेचाळीस वर्षांच्या आत अपंगत्व आलेल्या व्यक्तीला ते उघडता येतं. आधी ही मर्यादा सव्वीस होती. आई-वडिलांनी त्यात टाकलेले पैसे मुलाचं उत्पन्न धरले जात नाहीत. मुलाने त्यातून काढून भाडं भरलं तर ते त्याचे स्वतःचे पैसे ठरतात, आणि १,००,००० डॉलरपर्यंतची शिल्लक मालमत्तेत मोजली जात नाही. अट एकच लक्षात ठेवा. घरासाठी काढलेले पैसे त्याच महिन्यात खर्च करा. पुढच्या महिन्यात शिल्लक राहिले तर ते २,००० च्या मर्यादेत धरले जातात. याउलट स्पेशल नीड्स ट्रस्टने (दिव्यांग व्यक्तीसाठी पैसे सांभाळणाऱ्या न्यासाने) घरमालकाला थेट भाडं दिलं तर ती निवाऱ्याची मदत धरून कपात होते.

मूल तुमच्याच मालकीच्या दुसऱ्या घरात भाड्याने राहत असेल तर पूर्वी बहुतेक राज्यांत बाजारभावापेक्षा कमी भाड्याचा फरक मदत म्हणून धरत. ३० सप्टेंबर २०२४ पासून देशभर नियम सैल झाला: ठरलेलं भाडं दुसऱ्या नियमातल्या कमाल रकमेइतकं, म्हणजे यंदा ३५१.३३ डॉलर, किंवा त्याहून जास्त असेल, तर सवलत धरली जात नाही. आणि घरात एसएसआय घेणाऱ्याखेरीज आणखी कोणाला स्नॅप (अन्नासाठीची सरकारी मदत) किंवा तत्सम सरकारी मदत मिळत असेल, तर घरातून मिळणाऱ्या निवाऱ्यावर कपात होत नाही.

काही राज्यं केंद्रीय रकमेत स्वतःची भर घालतात आणि तीही राहण्यावर ठरते. न्यूयॉर्कमध्ये एकट्याने राहणाऱ्याला ८७ डॉलर आणि इतरांसोबत राहणाऱ्याला २३ डॉलर. कॅलिफोर्नियात स्वयंपाकाची सोय नसलेल्या जागेत राहणाऱ्याला जास्त.

मूल रुग्णालयात किंवा नर्सिंग होममध्ये पूर्ण महिना राहिलं आणि निम्म्याहून जास्त खर्च मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) देत असेल तर एसएसआय ३० डॉलरवर येतं. मुक्काम नव्वद दिवसांच्या आतला आहे असं डॉक्टरांचं पत्र आणि घर चालू ठेवण्याचा खर्च आहे असं निवेदन दिलं तर तीन महिन्यांपर्यंत पूर्ण रक्कम चालू राहते. हे कागद नव्वदाव्या दिवसाच्या किंवा घरी सुटण्याच्या आत, जे आधी येईल तेव्हा, पोचले पाहिजेत.

सगळ्यात जास्त मराठी घरांना फटका बसतो तो भारताच्या सुट्टीचा. सलग ३० दिवस किंवा एक पूर्ण कॅलेंडर महिना अमेरिकेबाहेर राहिलं की एसएसआय थांबतं. तीस दिवस झाले असतील तर परतल्यावर पुन्हा सलग ३० दिवस अमेरिकेत काढल्याशिवाय ते सुरू होत नाही. लग्नसराईत आठवडाभर मुक्काम वाढला आणि दोन महिन्यांची रक्कम गेली, असं सहज होतं. फेब्रुवारी विशेष फसवा आहे: अठ्ठावीसच दिवस, पण पूर्ण महिना बाहेर असाल तर तो महिना गेलाच. बऱ्याच राज्यांत एसएसआयवर मेडिकेड अवलंबून असतं, म्हणून तिकीट काढताना तीन आठवड्यांचाच बेत आखा.

राहण्यात काहीही बदल झाला, म्हणजे कोणी घरात आलं किंवा गेलं, भाडं बदललं, मूल वेगळं राहायला गेलं, लग्न झालं, तर तो महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवा. उशिराला २५, ५० आणि १०० डॉलरचे दंड आहेत, पण खरा त्रास जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीचा असतो. कळवल्याची पोच, तारीख आणि बोललेल्या कर्मचाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

कपातीचं पत्र चुकीचं वाटलं तर एसएसए-५६१ फॉर्मवर ६० दिवसांत फेरविचार मागता येतो. तो पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत दिलात तर निर्णय होईपर्यंत आधीची रक्कम चालू राहते. म्हणून पाकीट आलं त्याच दिवशी उघडा आणि पाकिटावरच मिळाल्याची तारीख लिहा.