डोमेन नाव आत्ता विकावे की थांबावे: निर्णयाआधीची तयारी

मौल्यवान डोमेन नावाबद्दलचा, म्हणजे संकेतस्थळाच्या इंटरनेटवरील पत्त्याबद्दलचा, निर्णय खरेदीदाराचा निरोप येण्याआधीच निम्मा झालेला असावा, कारण मोठा आकडा समोर आला की हुरळून होकार दिला जातो किंवा हाव वाढून नकार दिला जातो, आणि दोन्ही वेळा हिशेब मागे पडतो.

सर्वांत आधी नाव खरोखर आपलेच आहे याची खात्री करावी. वर्षांपूर्वी एखाद्या सहकाऱ्याने किंवा संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर नोंदवले असेल, तर ती दुरुस्ती आज करावी. नोंदणीतील ईमेल चालू आहे का, मुदत कधी संपते आणि रजिस्ट्रारच्या (नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज दुसरी ओळखतपासणी) आहे का, हेही पाहावे. 1995 साली सेक्स डॉट कॉम हे नाव एका बनावट पत्राच्या आधारे परस्पर दुसऱ्याकडे गेले आणि मूळ धारकाला ते परत मिळवण्यासाठी काही वर्षे न्यायालयात झगडावे लागले.

त्यानंतर व्यापारचिन्हांचा शोध घ्यावा. शब्दकोशातला सामान्य शब्द आणि एखाद्या कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव यांत मोठा फरक आहे. डोमेन नावांच्या व्यवस्थेचा जागतिक समन्वय करणाऱ्या आयकॅन या संस्थेने 1999 मध्ये लागू केलेल्या वादनिवारण धोरणानुसार, व्यापारचिन्हाच्या मालकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला चढ्या भावाने विकण्याच्या मुख्य हेतूनेच नाव घेतले असल्यास तो वाईट हेतूचा पुरावा ठरतो. म्हणून अशा कंपनीला आपण होऊन विक्रीचे पत्र पाठवण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

किंमत ठरवताना नेमबायोसारख्या डोमेन विक्रीच्या नोंदींमधून त्याच विस्ताराच्या (नावाच्या शेवटच्या भागाच्या, उदाहरणार्थ डॉट कॉम), तितक्याच लांबीच्या आणि त्याच क्षेत्रातल्या नावांचे अलीकडचे व्यवहार काढावेत. वापरासाठी घेणारी कंपनी जो भाव देते तो फेरविक्रीसाठी घेणारा देत नाही, त्यामुळे दोन्ही आकडे वेगळे लिहावेत. 2019 मध्ये व्हॉइस डॉट कॉम 3 कोटी डॉलरना विकले गेले, पण तेच नाव हवे असलेला आणि तेवढे पैसे असलेला खरेदीदार तिथे होता. आपल्या नावाचा भाव अशा व्यवहारावरून काढू नये.

आता मुख्य प्रश्न: थांबायचे ते कशासाठी? कोणत्या प्रकारचा खरेदीदार, साधारण किती वर्षांत आणि का येईल, हे चार ओळींत लिहून पाहावे. लिहिता आले नाही, तर माझ्या मते ती केवळ आशा आहे, आणि तिच्यापायी समोरचा रास्त प्रस्ताव घालवू नये. दहा वर्षांनी दुप्पट भाव मिळाला तरी ती वर्षाला साधारण 7 टक्क्यांचीच वाढ होते, त्यातून नूतनीकरणाचा खर्च वजा होतो आणि तो भाव मिळेलच याची हमी नसते. लाटाही ओसरतात: 2015 च्या अखेरीस चिनी खरेदीदारांमुळे आकड्यांच्या आणि चार अक्षरी नावांचे भाव चढले आणि 2016 मध्ये उतरले. देशांच्या विस्तारांत आणखी एक जोखीम असते. डॉट एआय हा कॅरिबियनमधील अँग्विला बेटाचा विस्तार आहे, तर डॉट आयओ ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा. त्या प्रदेशातील बेटे मॉरिशसकडे सोपवण्याची घोषणा ऑक्टोबर 2024 मध्ये झाल्यावर त्या विस्ताराच्या भवितव्याबद्दलच प्रश्न उभे राहिले. याउलट नाव लहान, डॉट कॉममधले आणि अनेक उद्योगांना चालणारे असेल, धारकाला पैशांची निकडही नसेल, तर थांबणे समंजसपणाचे ठरू शकते.

विकायचे ठरल्यास एस्क्रो सेवेचे (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाचे) शुल्क कोण भरणार आणि हप्ते चालतील का, हे आधी ठरवावे. पूर्ण रक्कम एस्क्रोकडे जमा झाल्याची खात्री होईपर्यंत नावाचा ताबा खरेदीदाराकडे सोपवू नये. नाव नुकतेच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवले असेल तर साधारणपणे 60 दिवस ते पुन्हा हलवता येत नाही, म्हणून विक्रीच्या तोंडावर रजिस्ट्रार बदलू नये. करानंतर हातात किती उरेल, हेही होकारापूर्वीच विचारून घ्यावे.

थांबायचे ठरल्यास नूतनीकरण पुढे ढकलू नये; डॉट कॉमची नोंदणी एका वेळी 10 वर्षांपर्यंत वाढवता येते. नावाच्या पानावर संपर्काची सोय ठेवावी, ज्याखाली विकणार नाही तो किमान आकडा लिहून ठेवावा आणि वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, तो ताज्या व्यवहारांशी ताडून पाहावा.