फोडलेल्या काँक्रीटची खडी: प्रीकास्ट यार्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळे पट्ट्यात एखाद्या प्रीकास्ट यार्डात (जिथे काँक्रीटचे घटक साच्यात आधीच ओतून तयार करतात) क्वालिटीच्या कामाला लागणार असाल, तर आधी मागच्या बाजूचा रिजेक्टचा ढीग बघा. कडा तुटलेले, मापात न बसलेले स्लॅब, पाइप. ते फोडून निघणारी खडी मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ते काँक्रीट कोणत्या ग्रेडचं, कधी ओतलेलं, हे रजिस्टरमध्ये सापडतं. पाडलेल्या घरांच्या राडारोड्यात विटा, माती, पीओपी सगळंच येतं. तो या ढिगात मिसळू देऊ नका.

आता पाणी, कारण खरं काम इथेच आहे. आपली काळ्या दगडाची खडी पाणी फारसं पीत नाही. फोडलेल्या खडीला जुना मॉर्टर चिकटलेला असतो, तो पितो. खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३ (२०१६) अशा खडीला १० टक्क्यांपर्यंत शोषण चालवून घेतं, पण मिक्सरमध्ये टाकण्याआधी भिजवण्याच्या अटीवर. मे महिन्यातलं खान्देशचं ऊन तुम्हाला माहीतच आहे: सकाळी भिजवलेला ढीग दुपारी वरून कोरडा, आतून ओला. म्हणून ओलावा दर पाळीला नाही, दर बॅचला मोजा. कोरडी खडी गेली की स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) उतरतो आणि कुणीतरी पाण्याची नळी हातात घेतो. तेव्हा "आबा, पाणी नका वाढवू, खडीचा ओलावा परत बघू" असं वयाने मोठ्या ऑपरेटरलाही सांगता आलं पाहिजे.

त्याच मानकानुसार जाड खडीच्या जागी ही खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि तेही एम २५ पर्यंतच (एम पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांची ताकद, एमपीएमध्ये). एम १५ खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये पूर्ण चालते. म्हणजे रस्त्याकडेचे कर्ब, पाया-बेड अशी कामं. प्रीस्ट्रेस्डची (ताणलेल्या तारांनी आधीच दाब दिलेल्या काँक्रीटची) ग्रेड एम ३० पासून पुढे, त्यामुळे तिथे सध्या नाही.

याचं कारण फक्त ताकद नाही. चिकटलेल्या मॉर्टरमुळे काँक्रीटचा ताठपणा कमी होतो, आकुंचन आणि क्रीप (कायम भाराखाली हळूहळू होणारा आकारबदल) वाढतात. तारा सोडल्यावर घटक जास्त आखडला की तारेतला ताण उतरतो, कॅम्बरही (घटकाचा वरच्या बाजूचा बाक) बदलतो. २८ दिवसांच्या क्यूबच्या ताकद-चाचणीमध्ये यातलं काहीच दिसत नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला या खडीवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांनी म्हणूनच आकुंचनाचे नमुने पहिल्याच महिन्यात ओतावेत. ती मापं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, आणि परीक्षेच्या तोंडावर सुरुवात केली तर हाती फक्त क्यूबचे आकडे उरतात.