चाई पडली तं इलाज कसा निवडावा

गावात कोणाला चाई पडली, म्हणजे डोक्यावरचे केस गोल चकतीसारखे गेले, की दहा जण दहा इलाज सांगतात, अन् प्रत्येकाजवळ एक बरा झालेला माणूस असतेच. खोटं कोणीच बोलत नाही भाऊ, पण रुपयाएवढी एकदोन चाई असंन तं पुष्कळांचे केस वर्षभरात आपोआपच येतात, अन् श्रेय त्या टायमाला जे लावलं त्याला. म्हणून सांगणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा, चाई केवढी होती अन् औषध बंद केल्यावर काय झालं.

पहिले चाईच आहे का पाहा. जागा गुळगुळीत राहते, कडेला आखूड केस दिसतात, बुडाशी बारीक अन् वर जाड. खवले, खाज असंन, त्यातही लेकराच्या डोक्यात, तं नायटा असू शकते, त्यावर स्टेरॉइडची ट्यूब घासली तं तो अजून पसरते. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यात गावंच्या गावं टकली झाली होती ते प्रकरण वेगळं. चाईत आपलीच प्रतिकारशक्ती केसाच्या मुळावर उठते, मूळ मात्र जित्तं राहते.

चाई लहान असंन तं थांबून पाहणं हाही इलाजच आहे. घाई असंन तं चाईतच बारीक सुईनं ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड टोचतात, 4 ते 6 आठवड्यांनी परत, मोठ्या माणसाला लहान चाईसाठी मले हेच बरं वाटते. दुखते, कधी तिथं खड्डा पडते, तो बहुतेक भरून येते. लेकरं टोचू देत नाहीत, त्यांना सहसा लावायचं स्टेरॉइडच देतात. मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध जोडीला ठीक, एकट्याच्या भरवशावर राहू नका. बिब्बा तं लावूच नका, कातडी जळून फोड येतात अन् डाग राहते. मोठ्या दवाखान्यात डीपीसीपी नावाचं रसायन लावून मुद्दाम अ‍ॅलर्जी आणतात ते मोजूनमापून, हप्त्याहप्त्याला, म्हणजे दर हप्त्याला एसटीचं भाडं अन् एक रोजी बुडाली हे पहिलेच धरा.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी केस लवकर येतात, पण बंद केल्या की पुष्कळांचे परत जातात, वरून शुगर अन् वजन वाढते, हाडं ठिसूळ होतात.

अर्धं डोकं गेलं असंन तं जॅक इनहिबिटर गोळ्यांचं विचारा, या केसाच्या मुळावर उठलेल्या प्रतिकारशक्तीला आवरतात. अमेरिकेत बॅरिसिटिनिबला 2022 मध्ये मोठ्यांसाठी मंजुरी भेटली, रिटलेसिटिनिबला 2023 मध्ये 12 वर्षांवरच्यांसाठी. बॅरिसिटिनिबच्या मोठ्या डोसवर 36 आठवड्यांत साधारण तिघांतल्या एकाचं डोकं 80 टक्के तरी भरलं, म्हणजे दोघांचं तेवढं नाही भरलं हेही वाचा. गोळी सोडली की चाई परत येऊ शकते, म्हणून एका महिन्याचा खर्च नका विचारू, दोन वर्षांचा विचारा. सुरू करायच्या पहिले टीबी, लिव्हर, कोलेस्टेरॉल, रक्ताच्या तपासण्या लागतात, अन् घरात कोणाला टीबी झाला असंन तं लपवू नका, दबलेला टीबी या गोळ्यांनी उठू शकते. पोटुशी बाई असंन नाही तं लेकराचा विचार असंन तं तेही पहिलेच सांगा.

नागपूरचं मेडिकल कॉलेज, वर्ध्याकडचे सेवाग्राम, सावंगीचे दवाखाने, जे जवळ पडंन तिथल्या स्किन ओपीडीत जा, जुन्या चिठ्ठ्या अन् ट्यूबची खोकी सोबत न्या. महिन्याला एकाच उजेडात, एकाच बाजूनं मोबाईलवर फोटो काढत जा, डॉक्टरला तोच दाखवा.