वयाप्रमाणे ताट कसे मांडावे

आहाराचा हिशेब मांडण्यापूर्वी घरातली नेहमीची वाटी आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊन बसावे. ‘वाटीभर वरण’ असे आपण सहज म्हणतो, परंतु त्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती, हे सहसा कोणी पाहत नाही. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढ्याच डाळीत पाणी वाढवून चौघांना वरण वाढले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड ग्रॅम येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. ही गरज तिशीत जेवढी, तेवढीच सत्तरीतही असते. वृद्धांच्या स्नायूंचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ तर उतारवयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असे सुचवतात. वयाबरोबर घटते ती उष्मांकांची गरज. त्यामुळे ताट लहान करायचे झाले, तर त्यातला भात, साखर आणि तळण कमी करावे. डाळ, दूध, उसळ आणि भाजी यांना हात लावू नये. आपल्याकडे नेमके उलटे घडते, आणि त्याला ‘हलका आहार’ असे गोंडस नाव मिळते.

विशी ते चाळिशीच्या काळात वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी अधिक उपयोगी पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक) सारखाच, म्हणजे २२.३ होता; मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी दडलेली असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पोटाचा घेर मोजावा. पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. हिंजवडीहून रात्री दहाला घरी पोहोचणाऱ्याने संध्याकाळी सहाच्या सुमारास वडापावऐवजी मूठभर फुटाणे किंवा घरून नेलेली उसळ खाल्ली, तर रात्रीचे जेवण आपोआप आटोक्यात येते.

याच वयातल्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा बरेच अधिक लोह लागते: पुरुषांसाठीची शिफारस दिवसाला १९ मिलिग्रॅम आहे, तर स्त्रियांसाठीची २९. पालेभाजी, अळीव आणि कडधान्ये यांतून ते मिळवावे, वर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर तरी चहा टाळावा, कारण चहातील टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही. जेवण झाले की लगेच अमृततुल्य गाठण्याची सवय या बाबतीत फार महाग पडते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर केवळ आहारावर विसंबून न राहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाळी थांबल्यावर लोहाची गरज उतरते आणि हाडांची काळजी सुरू होते. या टप्प्यावर कॅल्शियमची शिफारस १००० वरून १२०० मिलिग्रॅमवर जाते. दोनशे मिलिलिटर दुधातून त्यातले सुमारे अडीचशे मिलिग्रॅम मिळते, ५० ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून पावणेदोनशेच्या आसपास. उरलेले दही, तिळाची चटणी, राजगिरा आणि पालेभाजी यांतून भरून काढावे. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी ऊन हवे. पहाटे साडेपाचला पर्वती चढून उजाडता उजाडता परतणाऱ्यांना व्यायाम उत्तम मिळतो, ऊन मात्र मिळत नाही.

खरी काळजी साठीनंतर घ्यावी लागते. मुले परदेशी, घरात दोघे किंवा एकटेच, आणि ‘एकटीसाठी काय करत बसायचे’ हा विचार: पेठांतल्या जुन्या वाड्यांपासून कोथरूडच्या सोसायट्यांपर्यंत हेच चित्र दिसते. साठ किलो वजनाच्या अशा एका आजींचा दिवस कल्पून पाहू. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे. दुपारी एक पोळी, थोडा भात, अर्धी वाटी वरण आणि भाजी. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री मऊ भात आणि ताक. या सगळ्याची प्रथिने मोजली, तर कशीबशी १८ ग्रॅम भरतात. पोट भरल्याचे समाधान असते, तक्रार काहीच नसते, आणि मांडीचे स्नायू मात्र हळूहळू झिजत जातात.

याच दिवसात फार उलथापालथ न करता बदल करता येतो. वरण पूर्ण वाटी आणि घट्ट घ्यावे (३ ग्रॅमची भर), सकाळी पेलाभर दूध घ्यावे (६), दुपारी मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ मऊ शिजवून खावी (७), रात्री मऊ भातावर ३० ग्रॅम बेसनाचे पिठले घ्यावे (६), दिवसभरात मूठभर शेंगदाण्यांचे कूट भाजीत वा चटणीत जावे (६) आणि वाटीभर दही असावे (३). बेरीज ४९ वर जाते. अंडे चालत असेल, तर एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळून काम आणखी सोपे होते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

कवळी नीट बसत नसल्यामुळे उसळ आणि कोशिंबीर सुटते, आणि ताटात केवळ मऊ पिष्ट उरते. अशा वेळी आधी दंतवैद्याकडे जावे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यापेक्षा राजगिरा, वरी, दूध आणि दाण्याची आमटी यांवर भर द्यावा. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि चातुर्मासातले उपवास पाहता ही गोष्ट क्षुल्लक नाही.

बी-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज पदार्थांतच आढळते, त्यामुळे शाकाहारी माणसाला त्याची कमतरता लवकर जाणवते. वयाबरोबर जठरातील आम्ल घटते आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतात, तेव्हा ते आणखी कमी शोषले जाते. पायांना मुंग्या, विसराळूपणा किंवा तोल जाणे हे ‘वयाचेच’ म्हणून सोडून देऊ नये, बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यावी आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी. उतारवयात तहान उशिरा लागते, म्हणून तांब्या भरून समोर ठेवावा आणि घड्याळ पाहून पाणी प्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेली असेल, तर ती पाळावी.

शेवटी, महिन्याच्या एका ठरावीक तारखेला सकाळी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारीच, लिहून ठेवावे. काही प्रयत्न न करता सहा महिन्यांत ६० चे ५७ झाले, तर ब्लाउज आत घेण्याआधी डॉक्टरांकडे जावे.