लाइटएक्समध्ये बाहेरचा व्हेरिलॉग कोर जोडताना रजिस्टर्स गंडत होते, असं सुटलं

लाइटएक्स म्हणजे एफपीजीएसारख्या चिपसाठी डिजिटल सर्किट जुळवायचं टूल. त्याची मजा हीच की पायथॉनमध्ये चार ओळी लिहिल्या की बसचा (सर्किटच्या भागांना जोडणाऱ्या सामायिक वाटेचा) इंटरकनेक्ट, अॅड्रेस डिकोडर, मधले ब्रिज सगळं आपोआप जनरेट होतं, हाताने वायरी ओढायची भानगड नाही. पण मी व्हेरिलॉग या हार्डवेअर-भाषेत लिहिलेला एक रेडीमेड विशबोन कोर (विशबोन नावाच्या बस-प्रोटोकॉलवर बोलणारा सर्किट ब्लॉक) जोडला आणि त्याच्या सुरुवातीपासून ४, ८, १२ बाइटच्या ऑफसेटवर कुठेही लिहिलं तरी डेटा जाऊन बसायचा पहिल्याच रजिस्टरमध्ये (कोरमधला छोटा डेटा-कप्पा), आणि १६ वर लिहिलं की दुसऱ्यात!

व्हेरिलेटर या सिम्युलेटरवर सिम्युलेशन चालवून जीटीकेवेव्ह या सिग्नल बघायच्या टूलमध्ये बघितलं तर हँडशेक एकदम ओके, ॲक (पोच मिळाल्याचा सिग्नल) पण येतोय, फक्त अॅड्रेस ४ ऐवजी १ जातोय. म्हणजे ३२ बिटच्या बसवर लाइटएक्स डिफॉल्टने वर्ड (४ बाइटचा गट) मोजतं आणि कोरला हवा बाइट अॅड्रेस, तो खालचे २ बिट बघतच नाही, म्हणून १, २, ३ सगळे त्याच्यासाठी शून्यच.

उपाय सोपाय. नवीन व्हर्जनमध्ये विशबोन इंटरफेस बनवतानाच अॅड्रेसिंग 'बाइट' सांगायचं आणि अॅड्रेस पूर्ण ३२ बिटचा ठेवायचा, मग कोर बसला स्लेव्ह (हुकूम घेणारी बाजू) म्हणून अॅड करताना मधला अॅडॉप्टर लाइटएक्स स्वतःच टाकतं. जुनं व्हर्जन असेल तर अॅड्रेसच्या खाली दोन शून्य बिट हाताने जोडा, चालतं. टूलला प्रोटोकॉल कळतो, पण व्हेरिलॉगच्या पोर्टवर युनिट (वर्ड की बाइट) कुठं लिहिलेलं असतं, ते आपणच सांगायला लागतं.