फवारणीआधी बाटलीवरचा रंग बघा, पंप धरणाऱ्यालाही दाखवा

कपाशी कमरेच्या वर गेली आहे. पाते-फुले लागली, तुडतुडे आणि पांढरी माशी दिसू लागली, गुलाबी बोंडअळीची धास्ती आहेच. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की गावोगाव पंप बाहेर निघतील. २०१७ च्या याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. म्हणून यंदा पंप भरण्याआधी बाटलीवरच्या लेबलाला पाच मिनिटे द्या.

कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. या नियमांनुसार प्रत्येक बाटलीवर आणि पुड्यावर कोनावर उभा केलेला चौकोन छापावाच लागतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो आणि वरच्या भागात इशारा. लाल रंग सर्वांत जहाल. त्यावर कवटी, हाडे आणि ‘विष’ हा शब्द असतो. पिवळ्यावर कवटी नसते, पण ‘विष’ असतेच. त्याखाली निळा आणि शेवटी हिरवा. ही विभागणी औषध पोटात गेल्यावर किती मात्रेत निम्मे प्रयोगप्राणी मरतात यावरून केलेली आहे. वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत मरत असतील तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्याहून जास्त लागत असेल तर हिरवा. कातडीतून किती भिनते तेही वर्गवारीत धरतात. उंच कपाशीत चालताना अंगावर उडणारा फवारा आठवला, म्हणजे याचे महत्त्व कळते. हिरवा रंग म्हणजे निर्धोक, असा समज पुष्कळांचा आहे, तो सोडा. तोही विषाचाच रंग, फक्त मात्रा जास्त लागते.

मला खरी काळजी वाटते ती पंप पाठीवर घेणाऱ्याची. गेल्या पंधरवड्यात एका बांधावर थांबलो होतो. मालकाने घरीच दोन औषधे एका कॅनमध्ये ओतून आणली होती. मजुराला विचारले, आत काय आहे? म्हणाला, “अळीचं हाय.” चौकोन, विषबाधेची लक्षणे, उतारा, सगळे छापलेले होते, पण घरी राहिलेल्या बाटल्यांवर. कायद्याने दिलेला इशारा दुकानातून घरापर्यंत आला आणि पुढच्या दीड किलोमीटरवर हरवला. कृपा करून औषध मूळ बाटलीतच शेतात न्या आणि पंप भरण्याआधी फवारणाऱ्याला रंग दाखवून, मजकूर वाचून दाखवा. पाण्याच्या किंवा दारूच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच काढून ठेवू नका.

बाटलीसोबत घडी घातलेले माहितीपत्रक येते. अक्षर बारीक असते, मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचा. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीला, एकरी किती, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस, हे सारे त्यात असते. हे प्रमाण एकट्या त्या औषधाचे आहे. दोन-तीन औषधे आणि वर टॉनिक एकाच पंपात घालण्याची मुभा त्यात लिहिलेली नसेल, तर मिसळू नका. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिले तरी नाही.

विकत घेताना नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि सील पाहा, पक्की पावती मागा. ‘सेंद्रिय’ म्हणून अळी मारायला दिलेल्या बाटलीवर चौकोन आणि नोंदणी क्रमांक नसेल तर ती परत करा. त्यात काय आहे हे माहीत नसेल, तर विषबाधा झाल्यावर डॉक्टरांच्याही हाती काही लागत नाही.

डोके दुखणे, मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी यांतले काही जाणवले की फवारणी तिथेच थांबवा. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन करा. उलटी स्वतःहून करवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीही घालू नका. बाटली आणि माहितीपत्रक रुग्णासोबत गेलेच पाहिजे. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांवर ॲट्रोपीन हा उतारा चालतो, पॅराक्वाट या तणनाशकावर मात्र नेमका उतारा नाही. उपचाराची दिशा घटकाच्या नावावर ठरते. दिल्लीच्या एम्समधील विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ पंपावरच रंगाने लिहून ठेवा.

रिकामी बाटली तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता. मग बाटलीला भोके पाडून वस्तीपासून आणि विहिरीपासून लांब पुरा. तेल-रॉकेल भरायला ती घरात आणू नका.