मोजमाप खिडकीपासून: जुन्या चर्चच्या एचडीआर छायाचित्रणाचा अनुभव

एचडीआर, म्हणजे कमी-जास्त प्रकाशात घेतलेली अनेक छायाचित्रे एकत्र करून उजेड आणि सावली दोन्हींतला तपशील राखण्याची पद्धत, मी शिकू लागले तेव्हा एका जुन्या चर्चमध्ये घेतलेल्या पहिल्या मालिकेत बाके, खांब, वेदी असे सारे नीट उतरले होते. फक्त वेदीमागच्या रंगीत काचांच्या जागी एक पांढराफटक चौकोन उरला होता. कॅमेऱ्याच्या ऑटो ब्रॅकेटिंगवर (आपोआप कमी-जास्त प्रकाशाची चित्रे घेण्याच्या सोयीवर) विसंबून मी दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) अंतराने तीन छायाचित्रे घेतली होती. चौकटीचा बहुतेक भाग अंधाऱ्या भिंतींनी व्यापलेला असल्यामुळे कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाने त्यांनाच धरून मोजमाप केले, आणि तिन्हींपैकी सर्वांत गडद चित्रातही काचेचा रंग जळून गेला. जो तपशील एकाही मूळ चित्रात नाही, तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने आणता येत नाही. म्हणून नवोदितांना माझे पहिले सांगणे हेच की, मोजमाप खिडकीपासून सुरू करावे.

माझी पद्धत आता ठरून गेली आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मॅन्युअलवर घ्यायचा, आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/८ ठेवायचे, फोकस व व्हाइट बॅलन्स पक्के करायचे, फाइल रॉ, म्हणजे सेन्सरवरची प्रक्रिया न केलेली, घ्यायची. बदलायचा तो केवळ शटरचा वेग. ॲपर्चर बदलले तर डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट दिसते ते) बदलते आणि चित्रे एकमेकांवर चपखल बसत नाहीत. मग खिडकीतली सर्वांत उजळ काच, जी बहुधा पांढरी किंवा फिकट पिवळी असते, ती हिस्टोग्रामच्या (चित्रातल्या गडद-उजळ भागांच्या आलेखाच्या) उजव्या टोकाला चिकटणार नाही असा वेग शोधायचा. समजा तो १/१२५ सेकंद निघाला. तिथून वेग कमी करत जायचे, ते बाकाखालच्या सावलीत लाकडाच्या रेषा दिसेपर्यंत. तो टप्पा ८ सेकंदांवर आला, तर मधले अंतर दहा स्टॉपचे होते आणि १/१२५, १/३०, १/८, १/२, २ व ८ सेकंद अशी सहा चित्रे पुरतात. आजचे सेन्सर समर्थ आहेत हे खरे, पण एकाच रॉ फाइलमधली सावली चार-पाच स्टॉप वर ओढली की दगडाच्या पोतावर नॉइजची (नको असलेल्या ठिपक्यांची) वाळू पसरते, आणि जुन्या दगडाचा पोत हाच तर अशा चित्राचा प्राण असतो.

पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या संशोधकांनी १९९७ साली वेगवेगळ्या एक्सपोजरच्या (कमी-जास्त प्रकाश घेतलेल्या) छायाचित्रांतून प्रकाशाची खरी पातळी कशी काढावी हे मांडले, तेव्हा त्यांनी घेतलेले एक उदाहरण स्टॅनफर्ड मेमोरियल चर्चच्या अंतर्भागाचे होते. ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत, एकेका स्टॉपच्या अंतराने त्यांनी १६ छायाचित्रे वापरली होती आणि एका रंगीत खिडकीच्या थेट मागे सूर्य होता. इतका टोकाचा प्रकाश रोज भेटत नाही. पण भेटला तर सहा चित्रांवर थांबू नये.

मालिका घेताना काय हलते याकडे लक्ष ठेवावे. मेणबत्तीची ज्योत प्रत्येक चित्रात वेगळी झुकते, म्हणून ज्योतीपुरता भाग एकाच चित्रातून घ्यावा. काचेतून जमिनीवर पडणारे लाल-निळे कवडसे तर आपल्याला स्थिरच वाटतात. एकदा मी दहा मिनिटांच्या फरकाने घेतलेल्या दोन मालिकांतली चित्रे एकत्र केली आणि फरशीवर प्रत्येक कवडशाची जोडी उमटली. सूर्य तेवढ्यात पुढे सरकला होता. दीर्घ एक्सपोजरमध्ये खिडकीचा उजेड भिंतीवर धुक्यासारखा पसरतो, तोही जपावा लागतो. भिंगावरचा फिल्टर काढून भिंग स्वच्छ पुसले की हा त्रास बराच कमी होतो.

चित्रे एकत्र केल्यावरचा मोह मोठा असतो. टोन मॅपिंगमध्ये, म्हणजे एकत्र केलेल्या चित्राचा प्रकाश पडद्यावर मावेल असा दाबताना, स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवला की कमानींवरची प्रत्येक रेघ उठून येते, पण त्याच वेळी खिडकीच्या कडेभोवती एक करडी प्रभावळ तयार होते. पिढ्यान्‌पिढ्या हात फिरून गुळगुळीत झालेली बाकाची कड अशाने खडबडीत दिसू लागते, आणि त्या कडेवरची मऊ चकाकी गेली की लाकडाचे वय हरवते. म्हणून मी बहुतेक वेळा एक्सपोजर फ्युजन वापरते. २००७ साली मांडली गेलेली ही पद्धत प्रत्येक चित्रातला नीट उतरलेला भाग निवडून मिसळते आणि निकाल अधिक नैसर्गिक येतो. त्यानंतरही छत आणि कोपरे मी हाताने थोडे गडद करते. चर्चमधला उजेड खिडकीतून आत येतो आणि छताकडे जाता जाता विरतो. हा उतार चित्रात राहिला नाही, तर सगळीकडे सारखा उजेड असलेले सभागृह पाहिल्यासारखे वाटते.

ट्रायपॉडसाठी आधी परवानगी घ्यावी, त्याच्या पायांना रबरी टोपणे असावीत आणि प्रार्थना सुरू असताना कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. प्रार्थना संपून लोक बाहेर पडले की मी काही काळ थांबते. फरशीची कंपने शमतात आणि मेणबत्त्यांचा धूरही खिडकीच्या झोतातून हळूहळू ओसरतो.